जमिनीखालचे घासलेट

मराठी घरात दिव्याच्या तेलाला दोन शब्द आहेत. एक 'रॉकेल', दुसरा 'घासलेट'. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातले तेल. घासलेट हा 'गॅस लाइट'चा अपभ्रंश. रेशनच्या दुकानापुढची रांग, स्टोव्हची पिन, कंदिलाची काच पुसून काळी झालेली बोटे, हे सारे ज्यांनी पाहिले त्यांच्या कानात हे दोन्ही शब्द अजून ताजे आहेत. परंतु या तेलाचा इतिहास आपण दिव्यापाशी सुरू करतो आणि दिव्यापाशीच संपवतो. ते जिथे गाळले गेले, जिथे साठवले गेले आणि जिथे जमिनीत मुरले, त्या जागांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. त्या जागा बहुधा पाण्याच्या काठी आहेत. आज जगभर बांधकामाला सर्वांत जास्त मागणी असलेली जमीनही हीच आहे. म्हणून हा इतिहास आता संग्रहालयापुरता राहिलेला नाही. पाया खणण्याआधी तो वाचावा लागतो, आणि न वाचल्यास काय होते याची एक मोठी नोंद न्यूयॉर्क शहरात उपलब्ध आहे.

न्यूटाउन क्रीकचा काठ

अब्राहम गेस्नर हा कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा वैद्य आणि भूगर्भशास्त्रज्ञ. कोळसा आणि डांबरी खडक तापवून त्यापासून दिव्यात जळणारे स्वच्छ तेल काढण्याची रीत त्याने शोधली आणि ग्रीक भाषेतील मेणाच्या शब्दावरून त्या तेलाला 'केरोसीन' हे नाव दिले. १८५४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाली. ज्या कंपनीने ते तेल बनवायला घेतले तिचे नाव होते 'नॉर्थ अमेरिकन केरोसीन गॅस लाइट कंपनी'. आपला 'घासलेट' हा शब्द थेट त्या पाटीवरून आला असे म्हणता येणार नाही. पण ज्या काळाने आणि ज्या व्यापाराने तो आपल्याला दिला, त्याची सुरुवात या कारखान्यापाशी होते. हा कारखाना न्यूटाउन क्रीकच्या काठी होता.

न्यूटाउन क्रीक ही ब्रुकलिन आणि क्वीन्स या न्यूयॉर्कच्या दोन भागांमधली सुमारे सहा किलोमीटर लांबीची खाडी. ती ईस्ट नदीला मिळते. जहाज थेट कारखान्याच्या धक्क्याला लागते, शहर हाकेच्या अंतरावर, आणि कारखान्याचे सांडपाणी सोडायला खाडी दाराशीच. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागल्यावर या काठावर तेल गाळणाऱ्यांची झुंबड उडाली. १८७०च्या सुमारास पन्नासाहून अधिक शुद्धीकरण कारखाने येथे होते. त्यातला नामांकित कारखाना चार्ल्स प्रॅटचा. १८६७ साली ग्रीनपॉइंट भागात त्याने काढलेले 'अ‍ॅस्ट्रल ऑइल' दूरदेशी जाई. १८७४ साली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने तो कारखाना गिळला आणि पुढच्या दोन दशकांत काठावरचे बहुतेक कारखाने त्याच छत्राखाली आले.

तेल जमिनीत कसे गेले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे; कारण त्याचे उत्तर 'अपघात' असे नाही. त्या काळी गिऱ्हाईक होते ते केवळ दिव्याच्या तेलाला. त्याहून हलका आणि पटकन पेटणारा भाग, ज्याला आज आपण पेट्रोल म्हणतो, त्याला मोटारी येईपर्यंत फारशी बाजारपेठ नव्हती. तो बऱ्याचदा ओढ्या-नाल्यांत सोडून दिला जाई. लाकडी पिंपे गळत. टाक्या उघड्या मातीवर उभ्या असत आणि त्यांचे तळ गंजत. आगी लागत; १९१९ साली तर या काठावर प्रचंड आग लागली. थेंबाथेंबाने, शंभर वर्षे हे चालू राहिले. एका दिवसात काही सांडले असते तर वर्तमानपत्रात बातमी आली असती. रोज थोडे सांडत होते, म्हणून कुठेच नोंद नव्हती.

डब्याचा प्रवास

या काठाशी आपला संबंध पत्र्याच्या डब्यातून जुळतो. अमेरिकन रॉकेल समुद्रापार जाई ते चौकोनी डब्यांतून, दोन डबे एका लाकडी खोक्यात. डब्यात चार इंग्रजी गॅलन, म्हणजे अठरा लिटरच्या आसपास तेल मावे. मुंबईत आणि कोकणात हा डबा तेलाइतकाच मोलाचा ठरला. त्यात पाणी भरले गेले, धान्य साठवले गेले, तो कापून पत्रा म्हणून छपराला ठोकला गेला. पुढे लंडनच्या मार्कस सॅम्युअलने रशियन तेल डब्यांऐवजी जहाजाच्या पोटातच भरून आणण्याची शक्कल काढली. १८९२ साली त्याचे 'म्युरेक्स' हे टाकीजहाज सुएझ कालव्यातून पूर्वेला आले. खर्च बराच कमी झाला, पण आशियातल्या गिऱ्हाइकाला डबाही हवा होता! अखेर सॅम्युअलला पत्रा पाठवून जागोजागी लाल डबे बनवून घ्यावे लागले. स्टँडर्डचा निळा डबा आणि शेलचा लाल डबा ही त्या काळची बाजारातली चढाओढ.

या किश्श्यात एक गंभीर बाब दडलेली आहे. तेल डब्यातून येत होते तोवर ते गोदामात राहत होते. ते जहाजभर येऊ लागले तेव्हा प्रत्येक बंदरात काठावर मोठ्या टाक्या, नळ आणि पंप बसवणे भाग पडले. न्यूटाउन क्रीकचा नकाशा आशियातल्या बंदरांवर उमटू लागला.

मुंबईत हे घडले ते पूर्व किनाऱ्यावर. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत माझगाव ते शिवडी असा पाचशे एकरांहून अधिक समुद्र भरून जमीन तयार झाली. तिच्यावर धान्याची, कापसाची कोठारे आली आणि शिवडीला तेलाच्या टाक्या आल्या. १९२८ साली बर्मा-शेल ही कंपनी भारतात उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, दोन शुद्धीकरण कारखाने निघाले: १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा. स्टॅनव्हॅक म्हणजे स्टँडर्ड-व्हॅक्यूम. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइल फुटले, त्यातून निघालेल्या दोन कंपन्यांनी १९३३ साली पूर्वेकडच्या व्यापारासाठी ही जोडकंपनी काढली. त्या दोन कंपन्यांपैकी एकीकडे ग्रीनपॉइंटचा कारखाना वारशाने आला होता. ट्रॉम्बेचा स्टॅनव्हॅक पुढे एस्सो झाला आणि १९७४ साली राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियम. घराण्याची वंशावळ सांगावी तशी ही दोन किनाऱ्यांची वंशावळ आहे.

दोन इशारे

५ ऑक्टोबर १९५० रोजी ग्रीनपॉइंटच्या रस्त्याखालच्या गटारात स्फोट झाला. मॅनहोलची जड झाकणे हवेत उडाली, रस्त्याला खड्डा पडला, शेकडो घरांच्या काचा फुटल्या. गटारात इंधनाची वाफ साठली होती. ती आली कुठून, याचा पाठपुरावा तेव्हा व्हायला हवा होता. तो झाला नाही. १९६६ साली शुद्धीकरण कारखाना बंद पडला, यंत्रे हलली, काही जागेवर साठवणुकीच्या टाक्या राहिल्या. जमिनीवरचा कारखाना गेला म्हणजे प्रश्नही गेला, अशी समजूत झाली.

दुसरा इशारा आकाशातून मिळाला. सप्टेंबर १९७८ मध्ये तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर खाडीवरून जात असताना काठाच्या भिंतीतून पाझरून पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंग दिसला. पुढच्या वर्षी तपासणी झाली. ब्रुकलिनच्या पन्नासाहून अधिक एकर जमिनीखाली, राहत्या घरांच्या आणि कारखान्यांच्या पायाखाली, सुमारे १ कोटी ७० लाख गॅलन तेल भूजलावर तरंगत होते. म्हणजे सहा कोटी लिटरांहून अधिक. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजातून सांडलेले तेल सुमारे १ कोटी १० लाख गॅलन होते. जहाजाचे चित्र जगभर झळकले. त्याच्या दीडपट तेल एका वस्तीखाली होते आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

हे तेल इतकी वर्षे दडून कसे राहिले? पेट्रोल, रॉकेल, डिझेल पाण्यापेक्षा हलके. मातीतून खाली झिरपत ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोचते आणि तिथे थांबून आडवे पसरते. ब्रुकलिनमध्ये एकेकाळी शहराच्या पुरवठ्यासाठी भूजलाचा भरपूर उपसा होई. त्यामुळे पातळी खाली होती. १९४७ साली तो उपसा थांबला, पातळी वर येऊ लागली, भूजलाच्या वाहण्याची दिशा पालटली आणि तेलही हलले. जमिनीखालचे इंधन एका जागी बसून राहत नाही. पाणी हलले की ते हलते.

त्यानंतरची हकीकत दिरंगाईची आहे. राज्य सरकार आणि कंपनी यांच्यात १९९० साली करार झाले, पण ते मवाळ होते. २००४ साली नदीरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने आणि २००७ साली राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावे गुदरले. २०१० साली एक्सॉनमोबिलने सफाई आणि अडीच कोटी डॉलर मान्य केले. त्याच वर्षी खाडीचा समावेश केंद्र सरकारच्या 'सुपरफंड' यादीत झाला. विहिरी खणून, पंप लावून आजवर १ कोटी २० लाख गॅलनांहून अधिक तेल उपसून काढले आहे. खाडीच्या तळाशी जो डांबरी चिखल आहे त्याला तिथले लोक 'काळे मेयोनेज' म्हणतात. तो उपसायचे काम पिढीभर चालेल. याच तपासात आणखी एक गोष्ट हाती लागली. तेलाचा माग काढताना शेजारच्या वस्तीखाली धुलाई आणि धातुकामात वापरल्या जाणाऱ्या द्रावकांचा वेगळाच साठा सापडला. २०२२ साली त्यालाही सुपरफंडमध्ये स्थान मिळाले. एका प्रश्नासाठी मारलेल्या बोअरने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले.

परवान्याआधी मातीची चाचणी

खणण्याआधी माती तपासावी, हा नियम असा अपघातांच्या मागोमाग आला. नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावाचे उदाहरण घ्या. तिथे १९७०च्या दशकात नवी वसाहत उभी राहिली. ज्या चरांवर ती उभी होती ते कारखान्यांच्या कचऱ्याने बुजवलेले होते. टोल्युइन, झायलिन ही द्रव्ये त्यात होती. हीच पेट्रोलमध्येही असतात. त्यांनी पिण्याच्या पाण्याचे प्लॅस्टिक नळ मऊ केले आणि ती पाण्यात उतरली. १९८० साली अडीचशेहून अधिक घरे रिकामी करून खालची माती उचलावी लागली. यातून डच सरकारने कायदा केला आणि मातीत कोणते द्रव्य किती असले म्हणजे हस्तक्षेप करायचा, याचे आकडे ठरवले. खनिज तेलासाठी तो आकडा प्रमाणित मातीत किलोला ५,००० मिलिग्रॅम. हे आकडे पुढे जगभर संदर्भ म्हणून वापरले गेले.

न्यूयॉर्कने वेगळी आणि साधी युक्ती केली. ज्या भूखंडावर पूर्वी टाक्या, गॅरेज, कारखाने होते, त्यांवर नगररचनेच्या नकाशातच 'ई' अशी खूण करायची. २००५ साली ग्रीनपॉइंट-विल्यम्सबर्गचा नदीकाठ निवासी बांधकामाला खुला झाला तेव्हा अनेक भूखंडांना ही खूण लागली. अशा जागेवर माती, भूजल आणि मातीतली वाफ यांची चाचणी करून, लागल्यास सफाईची योजना देऊन शहराच्या पर्यावरण कार्यालयाची संमती मिळेपर्यंत बांधकामाचा परवाना निघत नाही. नवा मालक 'मला माहीत नव्हते' असे म्हणू शकत नाही. नकाशातच लिहिलेले असते.

या चाचणीची पहिली पायरी कुदळीची नाही, कागदाची आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटेल. जुने भाडेपट्टे, पालिकेची दप्तरे, हवाई छायाचित्रे, अग्निविम्याचे नकाशे चाळून टाकी कुठे होती, नळ कुठून कुठे जात होता, आग कुठे लागली होती, हे काढतात. अमेरिकेत १८६७ पासून सॅनबॉर्न कंपनीने विमा उतरवणाऱ्यांसाठी काढलेल्या नकाशांत प्रत्येक टाकी दाखवलेली आहे. ज्यांनी आगीच्या भीतीने ते नकाशे काढले, त्यांनी नकळत पुढच्या शतकासाठी माती परीक्षणाची तयारी करून ठेवली.

दुसरी पायरी बोअरची. संशयाच्या जागी मातीचा सलग गाभा वर काढतात. त्याचा रंग पाहतात, वाफ मोजायचे हातात धरण्याजोगे यंत्र त्याजवळ नेतात. नमुना काचेच्या बरणीत तोंडापर्यंत दाबून भरतात, म्हणजे वर हवा राहून हलकी द्रव्ये उडून जात नाहीत. बरणी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. नमुना उन्हात राहिला तर पेट्रोल उडून जाते आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने हायड्रोकार्बनांचा आलेख निघतो. हलके पेट्रोल, मधले रॉकेल, जड फर्नेस ऑइल यांचे आलेख वेगळे. बेंझिन स्वतंत्र मोजतात, कारण त्याने कर्करोग होतो. शिसे सापडले तर तेलाचे वय कळायला मदत होते: पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळणे १९२३ साली सुरू झाले, आणि भारतात ते २००० सालापर्यंत चालले.

पाण्याकाठी हे काम आणखी अवघड होते. भरती-ओहोटीबरोबर भूजल वर-खाली होते आणि त्यावर तरंगणारे इंधन मातीच्या जाड थराला सारवल्यासारखे माखते. ओहोटीच्या वेळी काढलेला एकच नमुना पुरत नाही. त्यात बांधकाम सुरू झाले की तळघरासाठी पाणी उपसतात. उपसा सुरू झाला की शेजारच्या भूखंडाखालचे तेल खड्ड्याकडे ओढले जाते. पाइलसाठी भोक पाडले आणि ते चिकणमातीचा थर भेदून गेले, तर वरची घाण खालच्या भूजलाला वाट सापडून उतरते. उचललेली माती ट्रकमधून भलत्याच ठिकाणी भराव म्हणून पडली, तर प्रश्न मिटत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. आणि या सगळ्यांत प्रथम सापडतो तो खड्ड्यात उतरलेला मजूर.

आपला सॉइल रिपोर्ट

आपल्याकडे 'माती परीक्षण' म्हटले की शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश आठवते. बिल्डरकडे 'सॉइल रिपोर्ट' म्हणजे जमिनीची भार सोसण्याची ताकद: इतक्या मीटरवर मुरूम, इतक्यावर खडक, पाइल इतकी खोल. दोन्ही चाचण्या आवश्यक आहेत, पण मातीत इंधन मुरले आहे का, हा प्रश्न त्यांपैकी एकीतही नाही. खडक पक्का लागला आणि त्यावरच्या मातीत बेंझिन असले तरी सॉइल रिपोर्ट उत्तम येऊ शकतो.

कायद्यात काहीच नाही असे नव्हे. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीपत्रात माती व भूजलाचे नमुने तपासण्याची अट सर्रास असते. पण ती सर्व जागांना सारखी लावलेली अट आहे. माळरानाला जी, तीच तेलाच्या टाकीच्या जागेला. किनारा नियमन क्षेत्राचे नियम भरतीरेषेपासूनचे अंतर मोजतात, खोली मोजत नाहीत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी करणे, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करणे आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करणे, अशी त्यांची मांडणी आहे. हे पाऊल मोठे आहे. पण यादीत नाव येण्यासाठी आधी कुणीतरी संशय घ्यावा लागतो, आणि संशय घ्यायला इतिहास माहीत असावा लागतो.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तो इतिहास गल्लीच्या पाट्यांवरही आहे. लकडी बंदर, कोल बंदर, हे बंदर, दारूखाना. कुठे लाकूड उतरले, कुठे कोळसा, कुठे गवत, कुठे दारूगोळा साठला, हे नावेच सांगतात. दारूखान्याला पुढे जुनी जहाजे तोडली गेली. जहाज तोडले की त्याच्या टाक्यांच्या तळचे तेल बाहेर येते. शिवडीच्या टाक्यांचे भाडेपट्टे आणि पोर्ट ट्रस्टचे वार्षिक अहवाल शंभर वर्षांची साक्ष देऊ शकतात. याच किनाऱ्यावरच्या साडेसातशे हेक्टरांच्या आसपासच्या बंदर-जमिनीचे काय करायचे, याचा विचार २०१४ साली राणी जाधव समितीने केला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाला आणि या जमिनीचा भाव अजून चढला. बागा, घाट, घरे, कार्यालये यांची चित्रे निघत आहेत.

ही जमीन दूषित आहे असा निवाडा कागदावरून देता येत नाही. कुठलाच प्रामाणिक अभ्यासक तसा देणार नाही. कागद एवढेच सांगतो की बोअर कुठे मारायची. ग्रीनपॉइंटला तेल सापडले ते तपासायला कुणी गेले म्हणून नव्हे, तर खाडीच्या भिंतीतून ते आपण होऊन बाहेर आले म्हणून. तोवर वर वस्ती होती, आणि सफाई वस्तीला वळसा घालून करावी लागली. रिकाम्या जमिनीवर हेच काम कमी वेळात, कमी खर्चात होते. मुंबईची जमीन आज, निदान काही भागात, अजून त्या रिकाम्या अवस्थेत आहे.

करायचे काम फार अवघडही नाही. भाराच्या चाचणीसाठी बोअर तर मारली जातेच. त्याच मोहिमेत, रसायनाच्या नमुन्याला लागणारी शिस्त पाळून, चार बरण्या जास्त भरायच्या. जुन्या भाडेपट्ट्यांवरून टाक्यांचा, नळांचा आणि जहाजतोडणीच्या धक्क्यांचा एक नकाशा काढायचा आणि न्यूयॉर्कच्या 'ई'सारखी खूण विकास आराखड्यावरच करायची. अहवाल लोकांना पाहता येईल असा ठेवायचा, कारण फ्लॅट घेणारा सातबारा आणि इंडेक्स टू पाहतो, पण पायाखाली पूर्वी काय साठवले होते हे त्याला कुठल्याच कागदावर दिसत नाही. शिवडीला घासलेट कुठे उतरले, याची नोंद ज्यांनी भाडे वसूल करण्यासाठी ठेवली, त्यांची ती दप्तरे आता शहराच्या आरोग्यासाठी उघडायला हवीत. पहिला पाइल ठोकण्याआधी.